चिमटा

सेलमचं दुकान सोडलं तेव्हा
सामानात दोनच गोष्टी माझ्या होत्या,
डोळ्याला लावायचं भिंग आणि चिमटा.
तिसरा खोकला, तो तेजाबाचा.

विट्यात आता दुपारी हाताला काम नसतं.
मिठाईच्या डब्यात प्लास्टर ओतलं,
ओलं होतं तोवर चमच्याच्या दांड्यानं तीन खोल्या कोरल्या,
सासऱ्यांच्या फोटोची काच काढून वर बसवली.
कालिंदी चार दिवस बोलली नाही.
काचेवर लाल जिलेटिन. लाल त्यांना दिसत नाही,
त्यांच्या लेखी अजून रात्रच.

रेणावीच्या उतारावर सापडलं त्यांचं भोक,
भर उन्हाळ्यात, कोरड्याठाक मुरमात.
तोंडाशी होल्याची पिसं खोचलेली, एक वाळकी काडी,
मेल्या मुंगळ्याचं डोकं.
मला वाटलं, कुणाची करणी.
म्हाळाप्पा मेंढरं थांबवून म्हणाला, पहाटं या.
गेलो.
पिसापिसावर दव,
आणि एक काळी मुंगी जबड्यात थेंब धरून
आत निघालेली, पखाल घेतल्यासारखी.
हिचं नाव काय रे?
चावल्यावर जी शिवी येईल ती, म्हणाला.

भिंगाखाली तिच्या पाठीवर रेघा दिसतात,
कागदावर अंगठा उठवावा तशा.
रांग नाही यांची. साखरेला हुंगत नाहीत.
जाते ती एकटी, वाळवीवर, झुरळाच्या पिल्लावर,
एक डंख, आणि ओढत घरी.

मोठ्या डब्यात हलवलं तेव्हाच जोडीनं चालल्या.
मागची पुढचीच्या अंगाला मिशा लावून.
स्पर्श सुटला की पुढची थांबते.
तेराव्या वर्षी मीही असाच गेलो होतो सेलमला,
बाळूतात्याच्या सदऱ्याचं टोक धरून.
मिरजेच्या फलाटावर टोक सुटलं.
तात्या थांबला नव्हता.

राणी नसते यांच्यात. सगळ्या सारख्या.
जन्मते ती खांद्याशी दोन कोंब घेऊन,
पंख नव्हेत, पंखाच्या जागी राहिलेलं काहीतरी.
मग वरचढ असते ती येते
आणि दोन्ही खुडून टाकते.
ही फारसं झटापटत नाही. उद्यापासून कामाला लागते.
जिचे कोंब शाबूत, अंडी तिची.

तीनदा पाहिलं मी हे.
तिसऱ्यांदा कालिंदीला बोलावलं.
भिंग तिनं बराच वेळ डोळ्याला धरून ठेवलं.
मग म्हणाली, भाकरी गार झाली.

त्या रात्री एक कोश वेगळा काढला,
औषधाच्या बाटलीत, ओल्या कापसावर.
बाहेर येणं तिच्या एकटीच्या हातात नसतं,
बहिणी फोडतात कोश.
नवव्या दिवशी आत हललं.
बहिणी नव्हत्या, मी होतो.

याच चिमट्यानं सव्वीस वर्षं
राखेतला रवा न् रवा उचलला,
मालकानं तराजू लावून पाहिला, कधी घट आली नाही.
कोश टोकाला धरला, चिरला.
निघाली, दुधाळ चहाच्या रंगाची, पाय दुमडलेले.
भिंग लावलं.
डावा कोंब होता.
उजवा चिमट्याच्या टोकाला होता.

पुन्हा डब्यात सोडली. दुसरं काय करणार.
ती आली, मिशांनी चाचपलं,
एका बाजूला थोडी घुटमळली,
आणि राहिलेला खुडला.

कालिंदीला सांगितलं नाही.
चिमटा फळीवर, पंचांगामागे ठेवला.

सकाळी डब्याच्या तोंडाशी पारव्याचं पीस,
नीट खोचलेलं.
मी म्हटलं, घरात दव पडत नाही गं.
ती सिरिंजमध्ये पाणी भरत होती.
पडेल, म्हणाली,
तू जरा बाजूला सरक, उजेड अडतोय.